पास झालेलं पाणी

लघाटे जीजी कुणाच्याही घरी गेल्या की आधी पाणी मागायच्या, आणि ते पीत नसत. भांडं उजेडाकडे धरायच्या, वास घ्यायच्या, जिभेच्या टोकाला एक थेंब लावायच्या आणि मग घरच्या लोकांकडे असं बघायच्या, की जणू या घरात मुलगी द्यायची की नाही ते आता ठरणार. पुढे एकदा खरोखरच तसं ठरलं. तेच सांगायला बसले आहे. पण मी आठवीतून शाळा सुटलेली बाई, मला सरळ वाटेनं सांगता येत नाही. जरा सांभाळून घ्या.

जीजी म्हणजे कुमुद लघाटे. झाशीला रेल्वेची पाणी तपासायची एक प्रयोगशाळा होती, तिथे त्या केमिस्ट होत्या. तिकडे मोठ्या बहिणीला जीजी म्हणतात. साहेबापासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना जीजीच म्हणायचे. राहायच्या मानिक चौकाच्या मागच्या गल्लीत. घराणं पेशव्यांच्या वेळचं. "आमचे पूर्वज इथे पूजा सांगायला आले आणि परत जायचं विसरले," असं त्या सांगायच्या. स्वयंपाकघराला मुदपाक म्हणायच्या आणि त्याच दमात शेजारणीला हाक मारायच्या, "भाभी, धनिया है क्या?" मी भुसावळकडची. मला त्यांचं मराठी आजीच्या पेटीतल्या लुगड्यासारखं वाटायचं, जुनं पण न विटलेलं.

माझे मालक लोको शेडमध्ये फिटर होते. बदली होऊन झाशीला आलो आणि तीन पावसाळे जायच्या आत ते गेले. त्यांच्या जागी मला प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचं काम मिळालं. मूल नाही, माहेर दूर, हिंदी धड येत नव्हती. कुणी मोठ्यानं बोललं तरी वाटायचं, आता नोकरी गेली. पहिल्याच दिवशी माझ्या हातून काचेची लांब नळी फुटली. तिला ब्युरेट म्हणतात हेसुद्धा मला फुटल्यावर कळलं. मी भिंतीला टेकून रडायला लागले. जीजींनी चष्म्यावरून पाहिलं.

"फुटली? चला, बरं झालं. कधी फुटेल, कधी फुटेल म्हणून जी भीती असते ना, ती गेली. आता हात सांभाळून उचल, आणि मग चाय ठेव."

त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

आमच्याकडे पाणी यायचं ते गार्डाच्या हातून. दूरदूरच्या स्टेशनांवरून बाटल्या भरून, गळ्यात चिठ्ठी बांधून पॅसेंजर गाडीच्या गार्डाकडे द्यायच्या, तो झाशीला उतरवायचा. वाफेच्या इंजिनांच्या काळापासूनची ही रीत. पाणी जड असलं की बॉयलरमध्ये चुन्याचा थर बसतो, इंजिन दमतं. म्हणून कुठल्या स्टेशनचं पाणी इंजिनाला पाजायचं ते आमच्याकडे ठरायचं. मी लागले तेव्हा वाफेची इंजिनं जवळजवळ संपली होती, पण बाटल्या येतच होत्या आणि जीजींची नजरही तीच राहिली होती. माणसांकडेसुद्धा त्या बॉयलरसारखंच बघायच्या. "अगं, ज्या पाण्यावर इंजिन कधी खोकलं नाही, ते माणसाचं काय बिघडवणार आहे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

झाशीच्या पाण्यावर त्यांचा राग होता. सगळा दगड, आणि दगडातून आलेलं पाणी. किटलीला आतून पांढरं कवच धरायचं. बडा बाजारातून आम्ही दोघी चालत निघालो की दुकानदार मुद्दाम हाका मारायचे. एक जिलेबीवाला तर पेला पुढे करायचाच.

"का हो मैडम जी, आज पास कि फेल?"

जीजी थेंब चाखायच्या. "पानी पास. जलेबी फेल."

"अरे, बिना खाये!"

"देखने से ही फेल है, भैया."

जीजींनी लग्न केलं नव्हतं. भाऊ-भावजय लवकर गेले, त्यांची मंजू जीजींनी वाढवली. मंजूला मराठी सगळं कळायचं, बोलायची हिंदीत. जीजी रागावल्या की म्हणायची, "आत्या, समझ में सब आता है, बस निकलता नहीं है." ही मंजू झाशीतच नोकरीला असलेल्या विनोद नावाच्या मुलाच्या प्रेमात पडली. मुलगा चांगला, पण बलियाच्याही पुढचा, गंगेच्या काठच्या गावचा. लघाट्यांचे नातलग गोळा झाले. आपल्यातला नाही, भाषा वेगळी, खाणं वेगळं. जीजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मुलगा मी पाहिलाय. त्याच्या घरचं पाणी पाहिलं नाही. ते आलं की सांगते."

लोक हसले. पण विनोदनं खरंच त्याच्या दारातल्या हँडपंपाचं पाणी मागवलं. बाटली रीतसर गार्डाच्या हातून आली. तळाशी लालसर गाळ बसला होता.

"हे काय हो?" मी विचारलं.

"लोह आहे. हवा लागली की गंजून खाली बसतं. त्याला काय होतंय? वरचं निवळ घे, खालचं टाकून दे."

मी निवळ पाणी दुसऱ्या बाटलीत घेतलं, गाळ मोरीत ओतला, बाटली धुतली. जीजींनी साबणाचं पाणी घालून बाटली हलवली. बोटभर उंच फेस आला आणि बसेचना. झाशीच्या पाण्याचा फेस बघता बघता विरतो. मीठ तपासलं, खार तपासला, सगळं उत्तम. जीजी लहान मुलीसारख्या बाटली घेऊन खोलीभर फिरल्या. "शकू, बघ गं! रेशीम आहे रेशीम! पोरीचे केस किती मऊ राहतील!"

साखरपुड्याला मुलाचे वडील आले. सगळे त्यांना बाबूजी म्हणायचे. धोतर, पांढऱ्या मिशा, ताठ माणूस. तो हँडपंप त्यांनी स्वतःच्या आईच्या नावानं बसवला होता, गल्लीतल्या सगळ्यांसाठी. चौथऱ्यावर आईचं नाव कोरलं होतं. फक्त एक दुखणं होतं. त्या पाण्यात भात लालसर व्हायचा, भांड्याला गंजाचा वास यायचा, म्हणून गल्लीतले लोक अजून जुन्या विहिरीवरच जायचे. जीजी त्यांना म्हणाल्या, "समधी जी, लड़के में कोई कमी निकले तो निकले, पानी आपका सोना है. रेलवे में होता तो मैं आँख मूँदकर पास करती."

बाबूजींचा चेहरा असा फुलला, की मुलगी देतो म्हटल्यावरही तेवढा फुलला नसेल. गावी जाऊन त्यांनी घरोघर सांगितलं, रेलवे की मैडम ने पास किया है. लोह आहे, त्यानं रक्त वाढतं, हे वर त्यांनीच जोडलं. बघता बघता गल्ली विहीर सोडून पंपावर आली. मंजू सासरी गेली की पत्रात कौतुकानं लिहायची, आत्या, यहाँ तो आपके नाम से पानी पीते हैं.

मध्ये आठ-नऊ वर्षं गेली. विनोदची बदली त्याच्या मुलखात झाली, मंजू सासरीच राहू लागली, तिला मुलगी झाली. बाळाला जुलाब झाले तेव्हा जीजींनी फोनवर बजावलं, पाणी खूप उकळ, अर्धं आटव. मंजू तसंच करायची. आम्हा सगळ्यांचं बरं चाललं होतं.

मग एका हिवाळ्यात मंजू मुलीला घेऊन आली. बरोबर मोठी ट्रंक. माहेरपणाला कुणी एवढं सामान आणत नाही. मी संध्याकाळी जीजींकडे गेले होते. मंजू गच्चीवर उन्हाच्या तिरिपेत पाठमोरी बसलेली, जीजी तिच्या केसांना तेल लावत होत्या. मध्येच त्यांचा हात थांबला. मानेखाली, पाठीवर काळेपांढरे ठिपके होते, धुळीत पावसाचे टपोरे थेंब पडावेत तसे. त्यांनी तिच्या हाताचा तळवा ओढून घेतला. कातडीखाली मोहरीचे दाणे पेरल्यासारखं टणक लागत होतं.

"हे काय गं? कधीपासून?"

मंजूनं पदर वर ओढला. मग म्हणाली, "अम्मा जी ने कहा है, ठीक हो जाए तब आना. मोहल्ले में बोलते हैं कोढ़ है. बोलते हैं, मैके से लाई है."

"आणि विनोद?"

"वो कुछ नहीं बोलते." तिनं हात सोडवून घेतला. "यही तो है आत्या, वो कुछ नहीं बोलते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण होता, बंगालकडे काही वर्षं काम केलेला. त्यानं तळवे पाहिले, पाठ पाहिली आणि एकच विचारलं, "पानी कहाँ का पीती हैं?"

जीजींना झोंबलं. "पानी का इससे क्या लेना-देना? पानी मैंने खुद पास किया है."

"आपने आर्सेनिक देखा था, मैडम?"

कुष्ठ नाही एवढं त्यानं लिहून दिलं. बाहेर आल्यावर रिक्षा मिळेपर्यंत जीजी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. ऊन होतं, तरी त्यांनी पदर गळ्याभोवती गुंडाळून घेतला. "आर्सेनिक म्हणजे सोमल," त्या माझ्याशी नाही, स्वतःशीच म्हणाल्या. "इंजिनाला सोमल काय करणार! कोण तपासणार सोमल!"

जीजींनी निरोप धाडला, तसा विनोद स्वतः दोन बाटल्या घेऊन आला. एक पंपाची, एक जुन्या विहिरीची. पंपाच्या बाटलीत तळाशी तोच लाल गाळ. मी सवयीनं निवळ घ्यायला दुसरी बाटली पुढे केली. जीजींनी माझा हात धरला.

"नाही. गाळासकट. सगळं."

त्यांनी बाटलीत आम्ल घालून हलवलं, गाळ विरघळला. मग एका कुपीत ते पाणी, त्यात जस्ताचे तुकडे, आणि तोंडावर औषध लावलेल्या कागदाची पांढरी चकती. कॉलेजात विषप्रयोग ओळखायला हीच परीक्षा शिकवली होती म्हणे. शेजारी विहिरीच्या पाण्याची तशीच कुपी. खोलीत फक्त बुडबुड्यांचा आवाज. विहिरीची चकती पांढरीच राहिली, म्हटलं तर किंचित पिवळी. पंपाची आधी पिवळी झाली, मग केशरी, मग पिकल्या खजुरासारखी तपकिरी.

विनोद विचारत होता, "इसका मतलब? बुआ जी, इसका मतलब क्या हुआ?"

जीजी माझ्याकडे वळल्या. "शकू, त्या वेळचा गाळ तू कुठे ओतला होतास?"

"मोरीत. तुम्हीच म्हणालात ना..."

"हो. मीच म्हणाले."

आम्ही बलियाकडे निघालो. जीजी, मंजू, तिची मुलगी आणि मी. मी का, तर जीजी म्हणाल्या, "तू चल. तुझ्यासमोर पास केलं होतं." गाडीत पोर झोपली, मंजू खिडकीला डोकं लावून बसली. मी किती दिवसांपासून मनात धरलेलं विचारलं.

"जीजी, तिथे एवढं विष कुणी घातलं हो? कुठला कारखाना आहे का?"

"कुणीच नाही घातलं. कारखाना नाही, काही नाही. अगं, हिमालयाच्या दगडातच सोमल असतो, चिमूटभर. दगड झिजतो, नदी गाळ घेऊन येते. गाळाच्या एकेका कणावर गंजाचा पापुद्रा असतो, आणि सोमल त्या गंजाला चिकटून बसलेला. तसाच बसून राहिला तर कुणाचं काही जात नाही."

"मग?"

"गाळाबरोबर पाला, गवत, काय काय गाडलं जातं. वर आणखी गाळ, आणखी गाळ. हवा बंद. आत सगळं कुजत राहतं. तिथे बारीक जंतू असतात. आपण श्वासाला हवा घेतो, त्यांना ती मिळत नाही. मग ते गंजावरच भागवतात. गंज विरघळतो आणि त्याला धरून बसलेला सोमल पाण्यात सुटतो. चव नाही, वास नाही. पाणी आपलं स्वच्छ, गार."

"आणि विहिरीत का नाही?"

"विहिरीला वरून आभाळ दिसतं ना! हवा लागली की लोह पुन्हा गंजतं, सोमलाला मिठी मारून खाली बसतं." मग म्हणाल्या, "आपल्या बाटलीत बसलं होतं तसंच. देवानं माझ्यासमोर वेगळं काढून ठेवलं होतं, आणि मी म्हटलं टाकून दे."

मंजू झोपली नव्हती. खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "और आत्या, वो उबालना?"

"उकळून पाणी उडतं, बाळ. सोमल उडत नाही."

मंजूनं झोपलेल्या पोरीचा तळवा उघडून पाहिला. मऊ होता. पुन्हा मिटून ठेवला.

घरापुढे मोठं अंगण, बाहेर रस्त्याला लागून तो पंप. बाबूजी खाटेवर बसले होते. मंजूच्या सासूनं, अम्मांनी, आम्हाला पाणी आणून दिलं, पदराआडून, हात दिसणार नाहीत असं. जीजींनी पेला खाली ठेवला. उभ्या राहूनच सांगितलं, कागद नाही, कुपी नाही, नुसतं तोंडानं. मी ज्याला सोनं म्हटलं त्यात सोमल आहे. बहू को कोढ़ नहीं है. ये पानी का है. गल्लीला पुन्हा विहिरीवर जाऊ द्या, ते पाणी उकळून प्यायला सांगा.

बाबूजींनी मिशीवरून हात फिरवला.

"समधिन जी, तब आपने कहा सोना. अब कहती हैं ज़हर. हम कौन-सी ज़बान मानें?"

"ये वाली. तब मैं जानती नहीं थी."

"और कल कुछ और जान जाएँगी तो?"

"तो फिर आऊँगी."

"उस पर हमारी माई का नाम लिखा है. गाँव से कहें कि माई के नाम से ज़हर पिलाया हमने?" त्यांचा आवाज फाटला. "अपनी बहू का दाग छुपाने को आप हमारी माई को..."

पुढचं ते बोलू शकले नाहीत, कारण अम्मा मध्ये आल्या होत्या. त्यांनी पदर सोडला आणि दोन्ही तळवे नवऱ्यासमोर धरले. मी एवढे खरबरीत हात कुणाचे पाहिले नाहीत. मध्ये भेगा, भेगांत काळं. "हमके त बहू के आवे से पहिलहीं से बा," त्या म्हणाल्या. सून यायच्या आधीपासून. पंप बसला तेव्हापासून घर त्याचंच पाणी पीत होतं. इतकी वर्षं त्यांनी हात झाकले होते आणि गल्ली सुनेकडे बोट दाखवत होती, तेव्हाही झाकूनच ठेवले होते. मंजूची ट्रंक दारातच होती. अम्मांनी ती त्याच हातांनी उचलली आणि आत नेली. मंजू पाठोपाठ गेली. आतून दोघींचं रडणं ऐकू आलं, मग भांड्यांचा आवाज.

मंजूचं निभावलं. पण बाबूजी उठून बाहेर गेले ते पंपाबद्दल एक शब्द न बोलता.

दुसऱ्या सकाळी जीजी अंथरुणात नव्हत्या. बाहेर येऊन बघते तर पंपाजवळ खाट टाकून बसलेल्या. एक बाई बादली घेऊन आली. जीजींनी हात पुढे केला, बादली मागून घेतली आणि चालत विहिरीकडे गेल्या. विहीर गल्लीच्या टोकाला, चिंचेखाली. जन्मभर ब्युरेट धरलेले हात. दोर ओढता येईना, निम्मं पाणी परत विहिरीत. तरी भरून आणली, बाईच्या हातात दिली. दुसरी आली, तिचीही घेतली. मी धावले तर मला म्हणाल्या, "तू नको. तू पास केलं नव्हतंस."

बायका आधी बिचकल्या, मग हसायला लागल्या. "अरे, देखो, झाँसी वाली समधिन पनिहारिन बन गईं!" एक म्हातारी ओरडली, "मैडम जी, रस्सी ऐसे नहीं, कमर से खींचो!" जीजी म्हणाल्या, "तो सिखाओ ना, खड़ी-खड़ी क्या फेल कर रही हो!" म्हातारीनं खरंच दोर हातात घेऊन दाखवलं. दोन दिवसांत निम्म्या बायका आपणहून विहिरीकडे वळायला लागल्या, कारण डोळ्यांदेखत पिकल्या केसांच्या बाईला आपली बादली वाहायला लावणं कुणालाही बरं वाटत नव्हतं. जीजींचे तळहात सोलवटले होते. मंजू फडकं बांधायची, त्या ते सोडून ठेवायच्या.

पुरुष मात्र बाबूजींकडे बघायचे. बाबूजी पंपाचंच पाणी पीत होते.

माझी रजा संपली. जीजी म्हणाल्या, "मी इथेच राहते. साहेबाला सांग, चिठ्ठी पाठवीन." चिठ्ठी आली ती नोकरी सोडल्याची. पुढे मंजूचे फोन यायचे. ठिपके फिके झाले, गेले नाहीत. जीजी काही वर्षांनी तिथेच वारल्या. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. माझ्यापाशी आहे ती त्या सकाळची जीजी.

मी स्टेशनकडे जायला जीपमध्ये बसून निघणार, एवढ्यात बाबूजी घरातून बाहेर आले. हातात पितळेचा लोटा. गल्लीतले चार पुरुष ओट्यावर बसलेले, सगळे बोलायचे थांबले. बाबूजी सरळ पंपापाशी आले, आईच्या नावाला हात लावून तो कपाळाला लावला आणि दांड्यावर हात ठेवला. जीजी खाटेवरून उठल्या. इतरांपुढे करायच्या तसाच त्यांनी आपला सोललेला हात पुढे केला, लोटा मागितला.

बाबूजींनी लोटा दिला नाही. पण दांडाही दाबला नाही. किती वेळ ते दोघं तसेच समोरासमोर उभे होते. मग त्यांनी दांड्यावरचा हात काढला, धोतराचा सोगा सावरला आणि लोटा घेऊन स्वतःच विहिरीकडे चालायला लागले. चार पावलांवर थांबून मागे न बघता म्हणाले, "आइए समधिन जी, रस्सी हम खींच देते हैं."

जीजी त्यांच्यामागून निघाल्या. जीप वळली आणि मध्ये भिंत आली.